मुदत संपली, म्हणून दाद संपली काय?

विमा कंपनीकडून “मुदत संपली” असे उत्तर आले, की सामान्य माणूस कागद गुंडाळून ठेवतो. कायद्यापुढे इलाज नाही, अशी तो मनाची समजूत घालतो. वस्तुतः येथे दोन प्रश्न आधी विचारावयास हवेत. ही मुदत कशाची? आणि ती कोणत्या दिवसापासून मोजावयाची?

एक उदाहरण कल्पून पाहावे. इंदूरच्या एक निवृत्त शिक्षिका तीन लाखांची मुदतठेव पुन्हा ठेवण्यासाठी बँकेत जातात. “ठेवीपेक्षा अधिक देणारी योजना” असे सांगून त्यांची सही घेतली जाते. वर्षाने दुसऱ्या हप्त्याची मागणी येते, तेव्हा उलगडा होतो, की ही ठेव नव्हे; दहा वर्षे हप्ते भरावयाचा हा जीवनविमा आहे. निवृत्तिवेतनातून एवढा हप्ता निघणे अशक्य. आणि हप्ता न भरावा, तर भरलेल्या पैशांवरही पाणी सोडण्याची वेळ. तक्रार केली, तर कंपनी कळविते : फ्री-लूकचे दिवस उलटले.

हे उत्तर अर्धेच खरे आहे. पॉलिसी हाती आल्यावर ती परत करण्याच्या सवलतीस फ्री-लूक म्हणतात. २०२४ च्या नियमांप्रमाणे ती तीस दिवसांची आहे. परंतु ही सवलत कोणाचा दोष सिद्ध न करता पॉलिसी परत करण्याची होय. खोटे सांगून विमा गळ्यात मारला, ही तक्रार निराळी आणि तिची मुदतही निराळी.

विमा लोकपालांविषयीचे नियम २०१७ चे आहेत. त्यांप्रमाणे प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. कंपनीने ती फेटाळली, असमाधानकारक उत्तर दिले, अथवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर तेथून एक वर्षाच्या आत लोकपालांकडे जाता येते. म्हणजे हे वर्ष सही केल्या दिवसापासून मोजावयाचे नाही. त्यातही उशीर झाल्यास, कंपनीचे आक्षेप मागवून व कारणे नोंदवून, तो माफ करण्याचा अधिकार लोकपालांस आहे. येथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. इंदूर-ग्वाल्हेरसाठी हे कार्यालय भोपाळला, वडोदऱ्यासाठी अहमदाबादला, बेळगावसाठी बंगळूरला, तर हैदराबादकरांसाठी त्यांच्याच शहरी आहे.

दुसरी वाट ग्राहक आयोगाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या ६९ व्या कलमाने तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत घातली आहे. पण उशिराचे पुरेसे कारण पटल्यास आयोग ते नोंदवून तक्रार घेऊ शकतो. दिवाणी दाव्यापुरते पाहिले, तर १९६३ च्या मुदत कायद्याचे १७ वे कलम सांगते, की दावा फसवणुकीवर आधारलेला असेल, तर ती उघड झाल्यावर, किंवा योग्य दक्षता घेतली असती तर जेव्हा उघड झाली असती तेव्हापासून, मुदत सुरू होते. मात्र एकच तंटा दोन दारी नेता येत नाही. आयोगापुढे वा न्यायालयात गेलेले प्रकरण लोकपाल हाती घेत नाहीत.

“योग्य दक्षता” हे शब्द मात्र विसरू नयेत. कंपनीस स्मरणपत्रांवर स्मरणपत्रे धाडल्याने आयोगाची दोन वर्षे लांबत नाहीत. म्हणून तारखांची यादी आधी करावी : सही केव्हा झाली, पॉलिसी केव्हा हाती आली, खरा प्रकार केव्हा कळला, कंपनीचे उत्तर केव्हा आले. पॉलिसीचे पाकीटही जपावे. त्यावरील टपालाचा शिक्का पुराव्यास येतो. प्रस्तावपत्राची प्रत आणि कंपनीने पडताळणीसाठी केलेल्या दूरध्वनीचे ध्वनिमुद्रण लेखी मागावे. प्रस्तावपत्रात निवृत्त शिक्षिकेचे उत्पन्न भरमसाट लिहिलेले आढळले, तर तो कागदच त्यांच्या बाजूने बोलू लागतो.

उशीर झाला असल्यास तो लपवू नये. आजारपण असो वा चुकीचे आश्वासन, कारण तारखांसह व कागदांसह तक्रारीबरोबरच मांडावे. “सवड झाली नाही” एवढ्याने काम भागत नाही. विलंबाला माफी मिळू शकते. पण ती मागावी लागते, आणि मागण्यास आणखी विलंब करून चालत नाही.