पहिलीच्या वर्गात किती मुले असावीत?

एका शिक्षकाने एका वेळी किती मुलांना शिकवावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शाळेच्या व्यवस्थेचा वाटतो. वस्तुतः तो राज्याच्या तिजोरीचा प्रश्न आहे आणि न्यायाचाही आहे. वर्गाचा पट कमी करावयाचा म्हणजे शिक्षक वाढवावयाचे, खोल्या बांधावयाच्या. आणि या दोहोंसही पैसा लागतो. तो पैसा कोणी द्यावा, कोठे आधी द्यावा आणि त्यातून मुलाच्या पदरात नेमके काय पडावे, याचा विचार पांढुर्णा व सौंसर या आपल्या तहसिलींकडे दृष्टी ठेवून करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, सर्व इयत्तांची गरज सारखी नसते. नववीतील विद्यार्थ्यास पुस्तक वाचता येते. शिक्षक क्षणभर दुसरीकडे वळले तरी त्याचे काम चालू राहते. पहिलीतील मुलाचे तसे नाही. त्याने ‘ब’ आणि ‘व’ यांत गोंधळ केला, किंवा हातच्याचा एक विसरला, तर ते कोणीतरी तेथल्या तेथे पाहिले पाहिजे. पाहिले नाही तर चूक मुरते, आणि मुरलेली चूक पुढे चौथी-पाचवीत सापडते तेव्हा ती काढणे फार जड जाते. म्हणूनच केंद्र सरकारने २०२१ साली ‘निपुण भारत’ हा उपक्रम सुरू केला, तेव्हा तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलास समजून वाचता यावे व साधे हिशेब करता यावेत, हे उद्दिष्ट ठेवले. पहिल्या तीन इयत्तांत मूल वाचावयास शिकते. त्यापुढे ते वाचून शिकते. पहिले साधले नाही तर दुसरे कोठून साधणार?

आता थोडे गणित करू. २००९ साली संसदेने संमत केलेला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षणाच्या हक्काचा कायदा पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास अध्यापन सांगतो. म्हणजे दिवसाला ४ तास, अर्थात २४० मिनिटे. त्यांतील निम्मी मिनिटे सर्व वर्गास मिळून शिकविण्यात गेली असे धरू. उरलेली १२० मिनिटे एकेका मुलाचे वाचन ऐकण्यास आणि पाटी पाहण्यास मिळतील. वर्गात ६० मुले असतील तर प्रत्येकाच्या वाट्यास २ मिनिटे येतात. ४० असतील तर ३, ३० असतील तर ४ आणि २० असतील तर ६ मिनिटे. वर्गाचा पट कमी करण्यासाठी खर्च होणारा पैसा भिंती किंवा बाके विकत घेत नाही. तो ही मिनिटे विकत घेतो. हे सूत्र हाती धरले म्हणजे पुढील सर्व विचार सोपा होतो.

कायदा याबाबत काय सांगतो? ज्या प्राथमिक शाळेत ६० पर्यंत मुले आहेत तेथे २ शिक्षक, ६१ ते ९० असतील तर ३, ९१ ते १२० असतील तर ४ आणि १२१ ते २०० असतील तर ५ शिक्षक असावेत. १५० च्या वर पट गेला की आणखी एक मुख्याध्यापक असावा. पट २०० च्या वर गेल्यास मुख्याध्यापक सोडून एका शिक्षकामागे ४० पेक्षा अधिक मुले नसावीत. प्रत्येक शिक्षकामागे एक खोली असावी. शिवाय हे प्रमाण संपूर्ण जिल्ह्याची सरासरी काढून नव्हे, तर प्रत्येक शाळेत पाळले गेले पाहिजे. ही शेवटची अट फार मोलाची आहे. शहरातील एका शाळेत शिक्षक अधिक आणि डोंगराकाठच्या खेड्यात कमी असले, तरी सरासरी चांगलीच दिसते; परंतु खेड्यातील मुलास सरासरी शिकवीत नाही, शिक्षक शिकवितो.

मात्र या कोष्टकातही एक उणीव आहे. समजा, एखाद्या गावी पहिली ते पाचवी मिळून ५० मुले आहेत आणि नियमाप्रमाणे २ शिक्षक आहेत. कागदावर एका शिक्षकामागे २५ मुले. प्रमाण उत्तमच म्हणावे लागेल. पण दोन शिक्षकांत पाच इयत्ता वाटल्या की एकाकडे चौथी व पाचवी जाते आणि दुसऱ्याकडे पहिली, दुसरी व तिसरी. त्याने आपली २४० मिनिटे तीन इयत्तांत वाटली की पहिलीस अवघी ८० मिनिटे मिळतात. उरलेला वेळ पहिलीतील मुले पाटीवर तेच अक्षर गिरवीत बसतात. त्यातून एक शिक्षक रजेवर गेला तर पाचही इयत्ता एकाच्याच गळ्यात पडतात. जनगणना, निवडणुका व आपत्तिनिवारण यांखेरीज अन्य बाहेरच्या कामास शिक्षकांस लावू नये, असे कायद्याचे २७ वे कलम सांगते, त्याचे मर्म हेच आहे. आपल्या भागातील लहान गावांचा खरा प्रश्न पुष्कळदा गर्दीचा नसून या विभागणीचा असतो. अशा शाळेस तिसरा शिक्षक मिळणे, हेच तेथील पट कमी करणे होय.

आता पैशाकडे वळू. प्राथमिक शिक्षणाचा खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा, ही मागणी आपल्याकडे नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्यात शेतकऱ्यांच्या श्रमांतून सरकारचा महसूल गोळा होतो, पण शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, हे स्पष्टपणे मांडले होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. खर्चाचे दोन भाग सरकारने आणि एक भाग स्थानिक संस्थांनी उचलावा, अशी त्यांची योजना होती. १९१२ साली ते विधेयक फेटाळले गेले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मात्र १९१७ साली आपल्या संस्थानात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करून, मनात आणले तर पैसा उभा राहतो, हे दाखवून दिले.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के भाग शिक्षणावर खर्चावा असे सुचविले. १९८७ साली सुरू झालेल्या खडू-फळा योजनेने प्रत्येक प्राथमिक शाळेत निदान दोन खोल्या व दोन शिक्षक असावेत असा दंडक घातला. मध्यप्रदेशाने १९९७ च्या प्रारंभी शिक्षण हमी योजना आणली. ज्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा नाही, तेथे ४० मुले असतील, व आदिवासी भागात २५ असतील, तर गावकऱ्यांनी मागणी करावी आणि शासनाने ९० दिवसांत शिक्षक द्यावा, असा तो नियम होता. या योजनेने दूरच्या वस्त्यांपर्यंत ‘गुरुजी’ पोहोचले. परंतु ते अल्प मानधनावर आणि अपुऱ्या प्रशिक्षणानिशी नेमलेले होते. संख्या वाढली की गुण आपोआप वाढत नाही, हा धडा तेथे मिळाला. सध्या समग्र शिक्षा योजनेत आपल्या राज्यासाठी केंद्राचे ६० व राज्याचे ४० टक्के असे वाटप आहे. शिक्षकांच्या वेतनाचा मुख्य भार मात्र राज्यच वाहते.

हा भार किती वाढतो, तेही पाहू. १२० मुलांस ४० च्या पटाने ३ शिक्षक पुरतात, ३० च्या पटाने ४ लागतात आणि २० च्या पटाने ६. म्हणजे ४० वरून ३० वर येण्यास वेतनखर्च एकतृतीयांशाने वाढतो. २० वर येण्यास तो दुप्पट होतो. एवढा पैसा सर्व इयत्तांसाठी एकदम निघणे कठीण. म्हणून जो निघेल तो पहिली, दुसरी व तिसरीसाठी आधी लावावा, हे शहाणपणाचे. आज मात्र उलट प्रकार घडू शकतो. कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक लागतो, आणि मोठ्या प्राथमिक शाळेत पहिलीच्या शिक्षकापुढे ४० मुले चालतात! २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शाळेत हे प्रमाण ३० च्या आत आणि दुर्बळ घटकांची वस्ती अधिक असेल तेथे २५ च्या आत असावे असे म्हटले आहे, ते योग्यच आहे.

पट कमी केल्याने खरोखर लाभ होतो काय, याची परीक्षाही जगात झालेली आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात ७९ शाळांत शासनाच्या खर्चाने एक प्रयोग झाला. मुलांची व शिक्षकांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी करण्यात आली. काही वर्गांत १३ ते १७ मुले, काहींत २२ ते २५. बालवर्गापासून तिसरीपर्यंत लहान पटाच्या वर्गांतील मुले वाचनात व गणितात पुढे राहिली, आणि गरीब व कृष्णवर्णीय मुलांस अधिक लाभ झाला. हे पाहून कॅलिफोर्निया राज्याने १९९६ साली खालच्या इयत्तांचा पट सुमारे ३० वरून २० वर आणण्यास मोठा निधी दिला. पण एकाएकी इतके शिक्षक आणावयाचे कोठून? पुष्कळ ठिकाणी अप्रशिक्षित माणसे नेमावी लागली, खोल्या अपुऱ्या पडल्या आणि गरीब वस्त्यांतील अनुभवी शिक्षक सुखवस्तू भागांत निघून गेले.

आपल्या जवळचे उदाहरण मुंबई व वडोदरा येथील आहे. ‘प्रथम’ या संस्थेने तेथील पालिका शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या १५ ते २० मुलांस वस्तीतीलच एखादी शिकलेली तरुणी रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून अक्षरओळख व अंकज्ञान शिकवी. २००१ ते २००३ या काळात या कामाची कसोशीने तपासणी झाली. बालसखीकडे गेलेल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. परंतु ती मुले उठून गेल्यामुळे ज्या वर्गाचा पट आपोआप कमी झाला, त्या मागे राहिलेल्या मुलांस विशेष लाभ झालेला आढळला नाही. कारण तेथे मुले कमी झाली, पण शिकविण्याची रीत तीच राहिली. तात्पर्य हे की, पैशाने मिनिटे मिळतात. ती प्रत्येक मुलापर्यंत पोहोचविणे हे शिक्षकाच्या हाती असते, आणि त्यासाठी त्याचे प्रशिक्षणही त्याच पैशातून झाले पाहिजे.

पांढुर्णा-सौंसर भागात याला आणखी एक गोष्ट जोडावी लागते, ती म्हणजे भाषा. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आपण नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशात होतो. त्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याचा भाग म्हणून आपण नव्या मध्यप्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. राज्य हिंदीचे आणि अनेक घरांतील बोली मराठी, अशी आपली स्थिती आहे. आता घरी मराठी बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाने पहिल्याच दिवशी ‘शिक्षा’ हा शब्द ऐकला तर त्याच्या मनात छडी उभी राहते. हिंदीत मात्र त्याचा अर्थ शिक्षण असा आहे. ‘चेष्टा करो’ असे सांगितले तर ते थट्टा करू लागेल, आणि गुरुजींना तर प्रयत्न हवा असतो! अशा मुलाच्या वाट्यास ६ मिनिटे आली, पण त्यांतील ४ एकमेकांचे बोलणे उमगण्यातच गेली, तर पट कमी करून काय मिळाले?

हे जाणूनच १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविले होते की, एखाद्या भाषेची ४० मुले शाळेत किंवा १० मुले एका वर्गात असतील तर त्या भाषेत शिकविणारा शिक्षक द्यावा. पुढे घटनेत ३५० ‘क’ हे कलम घालून भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचे काम राज्यांवर सोपविले गेले. ते कलम अमलात आले, तो दिवसही १ नोव्हेंबर १९५६ हाच. म्हणजे ज्या दिवशी आपण हिंदी राज्यात आलो, त्याच दिवशी हा आधार आपल्यास मिळाला. तेव्हा आपल्या भागात नवा शिक्षक मागताना तो केवळ आणखी एक शिक्षक नव्हे, तर मराठी जाणणारा शिक्षक मागितला पाहिजे. त्याने हिंदीही उत्तम शिकवावी. मात्र मुलाच्या बोलीपासून आरंभ करून.

ही मागणी कोठे करावयाची? कायद्याने प्रत्येक शासकीय शाळेस व्यवस्थापन समिती दिली आहे. तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. शाळेच्या विकासाचा आराखडा ही समिती करते, आणि तोच पुढील अनुदानाचा आधार मानावा असे कायदा म्हणतो. त्या आराखड्यात केवळ रंगरंगोटी व कुंपण न लिहिता, पहिलीत मुले किती, त्यांतील मराठी बोलणारी किती, एका शिक्षकाकडे इयत्ता किती आणि दिवसाकाठी प्रत्येक मुलाचे वाचन किती मिनिटे ऐकले जाते, हे चार आकडे लिहावेत. विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांची भावंडे आज पहिली-दुसरीत आहेत. हे चार आकडे काढण्यास त्रैराशिकाहून अधिक गणित लागत नाही. ते काढून आपल्या आई-वडिलांच्या हाती द्या. पुढील सभेत ते त्यांच्या उपयोगी पडतील.