आधी रिकामं फिरवून ऐका

सकाळी ८
चहा घेता घेता मोबाईलवर आलेले आवाज ऐकतो. वॉशिंग मशीन दुरुस्तीसाठी कुणाचा फोन आला की मी एवढंच सांगतो: स्पिन जोरात लागलं की अर्धा मिनिट रेकॉर्ड करून पाठवा. धडधड असेल तर तोल गेलाय. खडखड असेल तर काहीतरी अडकलंय. वेगाबरोबर चढत जाणारी घरघर असेल तर बेअरिंग. आज तिन्ही आहेत.

९.३०, धायरी
नवं कोरं फ्रंट लोड. स्पिनला सरकत सरकत बाथरूमच्या दारापर्यंत येतं. मागे वाकून पाहिलं, तर ट्रान्झिट बोल्ट तसेच. वाहतुकीत ड्रम हिंदकळू नये म्हणून ते कारखान्यात लावतात आणि मशीन बसवताना काढायचे असतात. ते राहिले, की स्प्रिंगवर झुलायला हवा तो टब सांगाड्याला जखडलेला राहतो आणि प्रत्येक हादरा थेट फरशीत उतरतो. बोल्ट काढले, भोकांना टोपणं लावली. "काकू, हे जपून ठेवा. घर बदलताना परत लावायचे." मग चारही कोपरे दाबून पाहिले, डुगडुगणारा पाय टेकवून चेकनट आवळला. पायाखालची पुठ्ठ्याची घडी काढून टाकली; ओली झाली की ती दबते आणि मशीन पुन्हा डुगडुगतं.

११, वडगाव
टॉप लोड, धडधड. "दादा, आधी आलेल्यांनी चारही सस्पेन्शन रॉड बदलायला सांगितलेत," ताई म्हणाल्या. आत डबल बेडची एकच चादर, गोळा होऊन एका बाजूला बसलेली. ती काढून रिकामं स्पिन लावलं. आवाज गेला. टब एकेका बाजूने खाली दाबून सोडला. एका उसळीत स्थिर झाला. रॉड थकलेला असता तर डुलत राहिला असता.

मी ताईंना आकडे सांगितले, कारण ते कळले की माणूस मशीन वेगळ्या रीतीने भरतो. मिनिटाला ७०० फेऱ्या आणि २५ सेंटीमीटर त्रिज्या धरली, तर एका बाजूला जास्त असलेले १०० ग्रॅम कपडे सुमारे १४ किलोच्या जोराने बाहेर ओढतात. फ्रंट लोडच्या १२०० फेऱ्यांवर तोच जोर ४० किलोंवर जातो. ओल्या चादरीचं वजन तर किलोत असतं. चादरीबरोबर दोन टॉवेल टाका म्हणालो. व्हिजिटचे पैसे घेतले, पार्ट एकही नाही.

१ वाजता डबा. येताना ६२०५ आणि ६२०६ नंबरची बेअरिंग आणि ऑइल सील घेतलं.

दुपारी २ ते ५.३०
दिवसाचं खरं काम हे. जुनं फ्रंट लोड, घरघर. प्लग काढून ड्रम हाताने फिरवला, जात्यासारखा आवाज. आतली कड धरून वर उचलली, तर ड्रम खालीवर होतोय. काकांनी विचारलं, "अजून दोन-तीन महिने ढकलता येईल का?" इथे मी गप्प बसत नाही. सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन जातं, गोळ्या गंजतात. तसंच चालवलं तर शाफ्ट खराब होतो, ड्रम टबला घासतो, आणि मग खर्च जवळजवळ नव्या मशीनच्या वाटेला लागतो.

काका हो म्हणाले. वरचं झाकण, सिमेंटचे वजनी ठोकळे, बेल्ट, पुली, वायरी असं एकेक काढून टब गोधडीवर घेतला. दोन भाग वेगळे केल्यावर ड्रममागचा तीन हातांचा अॅल्युमिनियमचा स्पायडर दिसला. साबणाचा थर आणि सततची ओल त्याला खाते, म्हणून तो घासून तडा शोधला. नव्हता. जुनी बेअरिंग ठोकून काढली. नवी बसवताना मार बाहेरच्या कड्यावरच द्यायचा. आतल्या कड्यावर पडला तर बेअरिंग पहिल्या दिवशीच बिघडतं. सीलला पाण्यात न विरघळणारं ग्रीस. जोडून स्पिन लावलं. काका शेजारी उभं राहून बोलत होते आणि त्यांना आवाज चढवावा लागला नाही.

काही मॉडेलमध्ये टब कायमचा चिकटवलेला असतो. तो कापल्याशिवाय बेअरिंग बदलता येत नाही. मशीन घेताना हे दुकानात विचाराच.

६.३०
खडखड. पंपाचा फिल्टर उघडला: नाणं, केसांचा गोळा. ड्रमच्या भोकातून ब्राची तार अर्धी बाहेर आलेली. ती पक्कडीने ओढून काढली, नाहीतर टबला भोक पडलं असतं.

आवाज बदलला की मशीन थांबवा. कपडे काढून रिकामं स्पिन लावा. आवाज गेला तर दोष बहुधा कपडे भरण्यात आहे, राहिला तर मशीनमध्ये. मेकॅनिक आला की त्यालाही आधी हे ऐकवा. न ऐकताच पार्टचं नाव सांगणाऱ्याला मशीन उघडू देऊ नका.