कवायतीने घडविलेले गोलंदाज : हार्टलपूलच्या तोफमोर्चाचा मागोवा

ब्रिटनने १९५६ साली किनारी तोफखाना ही लष्कराची शाखा मोडीत काढली, त्याला आता सात दशके होत आली आहेत. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथील यफ बॅटरीचे, म्हणजे बंदराच्या रक्षणासाठी उभारलेल्या तोफमोर्चाचे, नाव आज निघते ते मुख्यतः १६ डिसेंबर १९१४ च्या सकाळच्या लढाईमुळे. ती लढाई देणाऱ्या स्वयंसेवकांना घडविणारी वर्षे मात्र उपेक्षितच राहिली, आणि ही उपेक्षा अन्यायकारक आहे.

तिसऱ्या नेपोलियनच्या फ्रान्सकडून आक्रमण होईल या धास्तीने इंग्लंडभर स्वयंसेवक पथके उभी राहिली, त्याच सुमारास, १८६० मध्ये, हा मोर्चा बांधला गेला. पुढील चाळीस वर्षांत शत्रू आला नाही. शतक संपता संपता जुन्या तोफांच्या जागी मागील बाजूने भरावयाच्या सहा इंची तोफा आल्या, एवढीच त्या काळाची ठळक नोंद.

खरे महत्त्व १९०८ नंतरच्या वर्षांचे आहे. युद्धमंत्री हॉल्डेन यांनी जुन्या पथकांची प्रादेशिक सेनेत, म्हणजे आपला व्यवसाय सांभाळून सैनिकी शिक्षण घेणाऱ्यांच्या दलात, पुनर्रचना केली आणि येथील गोलंदाज डरहॅम रॉयल गॅरिसन आर्टिलरी या नावाने ओळखले जाऊ लागले. सुमारे ४५ किलोचा गोळा भरणे, सरकत्या जहाजाचे अंतर क्षणोक्षणी मोजून तोफेचा कोन बदलणे आणि प्रत्येकाने आपले काम ठरलेल्या क्रमानेच करणे, हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. ते नित्य कवायतीनेच अंगी मुरते. अर्धवेळ सैनिक कसोटीला उतरणार नाहीत, हा त्या काळी वारंवार घेतला गेलेला आक्षेप होता.

त्याला उत्तर मिळाले ते सायडलिट्स, मोल्टके आणि ब्ल्यूखर या जर्मन युद्धनौकांनी शहरावर भडिमार केला तेव्हा. लेफ्टनंट कर्नल लॅन्सलॉट रॉबसन यांच्या आधिपत्याखालील यफच्या दोन आणि शेजारच्या दीपगृह बॅटरीच्या एका तोफेने १२३ गोळे डागले आणि ब्ल्यूखरवर हानी व जीवितहानी घडविली. शहरात शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, म्हणून याला विजय म्हणता येणार नाही. परंतु संख्येने व शक्तीने कितीतरी वरचढ अशा शत्रूपुढे तोफा अखेरपर्यंत चालू राहिल्या, याचे श्रेय त्या कवायतीलाच द्यावे लागते.

विमाने आणि क्षेपणास्त्रे यांच्यापुढे किनारी तोफा कालबाह्य ठरल्या, हा १९५६ चा निष्कर्ष तांत्रिकदृष्ट्या योग्यच होता. मात्र त्याबरोबर आपल्या बंदराचे रक्षण आपण स्वतः करावयाचे, ही पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली नागरी जबाबदारीही संपुष्टात आली, याची दखल धोरणकर्त्यांनी घेतली नाही. यफ बॅटरीच्या जागी २००८ मध्ये संग्रहालय सुरू झाले, तेही स्थानिक स्वयंसेवकांच्या कष्टांवर उभे आहे. ज्या वृत्तीने तोफा चालविल्या तिनेच त्यांची स्मृती राखावी आणि इतिहासाने मात्र केवळ भडिमाराचे वर्णन करून थांबावे, हे योग्य नाही. लढाईचा इतिहास कवायतीच्या वर्षांपासूनच लिहिला गेला पाहिजे.