सांगोल्याचे आबासाहेब आणि आमचे मामा

एस. टी.त 'विधिमंडळ सदस्यांसाठी राखीव' अशी पाटी असलेले एक आसन असते. त्यावर आपण सारे निर्धास्तपणे बसतो. आमदार कशाला एस. टी.ने येतोय! माझ्या आजोळी मात्र हा विनोद कोणाला कळत नसे. माझे आजोळ सांगोला, आणि तिथला आमदार खरोखरच एस. टी.ने हिंडणारा होता.

भाई गणपतराव देशमुख. गावाचे आबासाहेब. जन्म १९२६ सालचा, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. शिक्षणाने वकील. १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाकडून ते सांगोल्यातून प्रथम निवडून आले आणि २०१४ पर्यंत तेरा वेळा त्याच मतदारसंघातून, त्याच पक्षाकडून उभे राहिले. त्यांत अकरा वेळा जिंकले. ज्यांनी तो पक्ष काढला ते केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे पुढे काँग्रेसमध्ये परत गेले. हे गृहस्थ काही हलले नाहीत.

वाचकहो, एवढे वाचून आपण म्हणाल, धन्य तो मतदारसंघ! आमचे मामा तसे म्हणत नसत. मामा गणिताचे मास्तर. सुट्टीत आम्ही कुर्डुवाडीहून मिरजेकडे जाणाऱ्या त्या चिमुकल्या गाडीने सांगोल्याला उतरलो, की स्टेशनापासून घरापर्यंत त्यांचे गाऱ्हाणे सुरू होई. "माणूस सोन्यासारखा. पण सोने काय रांजणात घालायचे? रांजणाला पाणी लागते!"

गाऱ्हाणे खोटे नव्हते. सांगोला म्हणजे माणदेशाचा कोरडा मुलूख. माण नदी नावाला, पावसाचा भरवसा नाही. अलीकडे डाळिंब आणि बोर यांनी तालुक्याला थोडा हात दिला. अशा भागाचा आमदार आयुष्यभर बहुतेक विरोधी बाकावर. मंत्रिपद दोनदाच मिळाले, १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद सरकारात आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. विरोधी बाकावरच्या आमदाराच्या हातात असते तरी काय? तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना. प्रश्न विचारायचा, मंत्र्याने "माहिती घेऊन सांगतो" म्हणायचे आणि पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. मुंबईतल्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये हे केले, १९८१ नंतर नरिमन पॉइंटच्या नव्या विधानभवनातही हेच केले. दर हिवाळ्यात नागपूरला जाऊन पुन्हा तेच.

बाहेर मात्र ते नुसते प्रश्न विचारीत बसले नाहीत. जिथे कापूस फारसा पिकत नाही तिथे सहकारी सूतगिरणी चालवून दाखवली. वाळव्याच्या नागनाथअण्णा नायकवडींबरोबर दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरवल्या. कृष्णेचे पाणी पंपांनी उचलून या तालुक्यांना द्यायचे, ही मागणी पुढे टेंभू योजनेत उतरली. पण टेंभूचे काम सुरू झाले १९९६ साली. म्हणजे पहिल्या निवडणुकीनंतर चौतीस वर्षांनी. मामांचा राग इथेच होता.

आता १९९५ ची गोष्ट. ती सांगताना आजही मला अपराध्यासारखे वाटते. त्या फेब्रुवारीत माझे लग्न पुण्यास ठरले, आणि नेमका तोच दिवस सांगोल्यातल्या मतदानाचा निघाला. नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचे ते मामाने. तेव्हा मामा, मामी आणि आजोळची मंडळी मिळून अकरा मतदार एका जीपमधून पुण्यास आले. मंगलाष्टके झाली, जिलबीची पंगत उठली, आणि संध्याकाळी मामा घड्याळाकडे बघून म्हणाले, "संपले मतदान."

निकाल लागला. आबासाहेब १९२ मतांनी पडले.

मामांनी मला पत्र लिहिले. त्यात खुशालीच्या दोन ओळी, आणि खाली एकच वाक्य: "१९२ वजा ११ बरोबर १८१." अकरा मतांनी निकाल फिरला नसता हे त्यांना कळत नव्हते असे नाही, गणिताचेच मास्तर ते. शिवाय मुहूर्त काही आमच्या एकट्यांचा नव्हता. तालुक्यातली किती वऱ्हाडे त्या दिवशी बाहेर असतील, देव जाणे.

१९९९ मध्ये आबासाहेब पुन्हा निवडून आले आणि मग २०१४ पर्यंत हरलेच नाहीत. शेवटच्या खेपेस वय ८८, आणि मताधिक्य पंचवीस हजारांहून अधिक. मामांनी त्यांतले एकही मतदान चुकवले नाही. माझ्या मुलाची मुंजदेखील त्यांनी आधी निवडणुकीची चौकशी करून ठरवायला लावली.

३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात आबासाहेब गेले. मी मामांना फोन केला. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाळ, तुला एक सांगायचे राहिले. त्या वर्षी तुझे लग्न नसते, तरी माझे मत त्यांना पडले असतेच असे नाही. पाण्याला कंटाळलो होतो मी. तुझ्या लग्नाने माझी सुटका केली."

मला काय बोलावे सुचेना. सव्वीस वर्षे मी त्या अकरा मतांचे ओझे वागवीत होते, आणि मामा त्याहून मोठे.

२०१९ मध्ये आबासाहेब स्वतः उभे राहिले नव्हते. त्यांचे नातू अनिकेत ७६८ मतांनी हरले. २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब निवडून आले. आजोबांनी उभे आयुष्य ज्या जागेसाठी झिजवले ती नातवांकडे जावी, हे मला फारसे रुचत नाही. पण सांगोल्याच्या मतदारांनी मला विचारलेले नाही. त्या वर्षी दिवाळीला मी मामांना पुण्यास बोलावले होते. आता त्यांची नव्वदी जवळ आली आहे; म्हटले, महिनाभर राहा, थंडी संपल्यावर जा.

"मतदान वीस नोव्हेंबरला आहे," मामा म्हणाले. "शाई लागली की येतो."