कपाशीचा ओलावा व पदरात पडणारा पैसा

कापसाची प्रत पाहताना धाग्याच्या लांबीबरोबर ओलावाही पाहतात. सन २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलास ७,५२१ रुपये होता. हा भाव शेकडा ८ ओलाव्याच्या मालास होता. पुढे दर टक्क्यास भाव शेकडा एकने उतरे. शेकडा १२ ओलाव्याच्या मालास म्हणून सुमारे ७,२२० रुपये मिळत.

ही कपात पुष्कळांस अन्यायाची वाटते. परंतु हिशेब करून पाहावा. तोच क्विंटल शेकडा ८ पर्यंत वाळविला, तर वजन साडेपंचाण्णव किलोंच्या आसपास भरते व पूर्ण भावानेही ७,२०० रुपयांच्या आतच पैसे येतात. कपात होते ती पाण्याचीच.

खरा तोटा शेकडा १२ च्या पुढे आहे. असा माल भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने घेत नाही. मग व्यापारी देईल तो भाव पतकरावा लागतो. शिवाय ओला कापूस ढिगात तापून पिवळा पडतो, आणि गेलेला रंग उन्हात वाळवून परत येत नाही.

यास्तव दंव वाळल्यावरच वेचणी करावी, कवडी निराळी ठेवावी, आणि माल पसरून वाळल्यावाचून बाजाराची गाडी भरू नये.