दर्याचा चित्रकार आणि त्याची ‘रापण’

कुरुळी-चाकणच्या पट्ट्यात कारखान्यातील कामगाराला पाळीचा मोबदला ठरलेला असतो. तयार माल कोणत्या भावाने विकला गेला, याच्याशी त्याच्या रोजच्या कमाईचा थेट संबंध सहसा येत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर मात्र श्रमाची एक निराळी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिचे नाव रापण. होडीतून लांबलचक जाळे अर्धवर्तुळात सोडावयाचे, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणावयाची आणि अनेकांनी मिळून ती ओढावयाची. मासळी मिळाली तर तिचे वाटे पडतात. न मिळाली तर सर्वांचेच हात रिते राहतात.

चित्रकार प्रल्हाद अनंत धोंड (१९०८–२००१) यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला ‘रापण’ हेच नाव दिले, ते उगीच नव्हे. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत ते शिकले, तेथेच त्यांनी शिकविले आणि पुढे ते तिचे अधिष्ठाता झाले. त्या वास्तूत भेटलेली माणसे त्यांनी या पुस्तकात गोळा केली. कलावंत एकट्याने घडत नाही. त्याच्या घडण्यात अनेकांचा वाटा असतो, हेच जणू त्या नावातून सुचते.

धोंडांची ख्याती सागरचित्रांची, आणि त्यांचे माध्यम जलरंग. पारदर्शक जलरंगात उजेड रंगविता येत नाही. तो कोऱ्या कागदातून राखावा लागतो. चुकलेला फटकारा सहसा पुसता येत नाही. समुद्र क्षणोक्षणी पालटणारा आणि माध्यम असे निष्ठुर. ही जोडी आयुष्यभर सांभाळणे म्हणजे तपश्चर्याच होय.

आज खुद्द रापणच संकटात आहे. यांत्रिक नौका आणि पर्ससीन जाळी यांच्यापुढे पारंपरिक मच्छीमार हतबल झाला. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला, २०१६ मध्ये पर्ससीनवर राज्याने निर्बंधही घातले. तरी संघर्ष शमला नाही. किती टन मासळी निघाली, हे आकडेवारी सांगते. ती किती घरांत वाटली गेली, हे ती सांगत नाही. तो हिशेब ठेवणारी रीत मोडली, तर ‘रापण’ या शब्दाचा अर्थ पुढील पिढीला कोशातच शोधावा लागेल. धोंडांच्या पुस्तकाने निदान तो शब्द तरी जिवंत ठेवला आहे. रीत राखण्याची जबाबदारी मात्र समाजाची आहे.