गर्भपात, स्त्रीचा निर्णय आणि मनःस्वास्थ्य

गर्भपाताविषयी आपल्या समाजात दबक्या आवाजात बोलले जाते. त्यामुळे कायद्याने मान्य केलेला गर्भपात आणि मुलगी नको म्हणून लिंगनिदान करून केलेला गर्भपात यांत अनेकदा गल्लत होते. बीड जिल्ह्यात हा प्रश्न विशेष नाजूक आहे. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे येथे २००१ साली ८९४ मुली होत्या; २०११ साली ८०७, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. मे २०१२ मध्ये परळी येथे गर्भपाताच्या वेळी एका विवाहितेचा मृत्यू झाला. त्या प्रकरणी २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयाने डॉक्टर दाम्पत्याबरोबरच तिच्या पतीलाही दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

निर्णय नेमका कोणाचा, हा येथे मूळ प्रश्न आहे. लिंगनिदानास बंदी घालणारा १९९४ चा कायदा, गर्भवतीवर पती वा नातलगांनी सक्ती केली असे गृहीत धरतो. तसे नसल्यास ते सिद्ध करावे लागते. उलट, वैद्यकीय गर्भपाताचा १९७१ चा कायदा सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी मानतो. पतीची सही आवश्यक नाही. शारीरिक आरोग्याइतकाच तिच्या मानसिक आरोग्यास असलेला धोकाही त्यात ग्राह्य आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार वीस आठवड्यांपर्यंत एका, तर विशिष्ट परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन नोंदणीकृत डॉक्टरांचे मत लागते. स्त्रीचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे.

गर्भपातामुळे मन कायमचे खचते, हा समज संशोधनास उतरलेला नाही. अमेरिकेत सुमारे हजार स्त्रियांच्या पाच वर्षांच्या पाहणीत, इच्छेने गर्भपात केलेल्यांचे मनःस्वास्थ्य तो नाकारला गेलेल्यांपेक्षा वाईट आढळले नाही; नाकारला गेलेल्यांमध्येच सुरुवातीस चिंता अधिक होती. मात्र सक्ती, गुप्ततेचे ओझे आणि एकाकीपणा मनाला पोखरतात. वारंवार मुलगा हवा म्हणून छळली जाणारी स्त्री हे ओझे मुकाट्याने वाहते.

गर्भपातानंतर काही दिवस रडू येणे, हुरहुर वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, अन्नावरची वासना गेली वा जीव नकोसा वाटू लागला, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

कुटुंबीयांस एवढीच विनंती, की डॉक्टरांशी तिला एकटीने बोलू द्यावे. तिला काय हवे, हे तिच्याच तोंडून ऐकावे.